पुरणाच्या दिव्यांपुरता उजेड

शकुन राऊत अमरावतीच्या कॅमेऱ्याच्या दुकानात शिरली, तेव्हा तिच्या पिशवीत पुरणाचा डबा होता, तुपातल्या वाती होत्या आणि सासूचं, बेबीताईंचं, काळपट जांभळं लुगडं होतं. मागून नवरा सहदेव. पातूरच्या मळ्यात झेंडू पिकवणाऱ्या घरातली ही सून मांडवात हार पोचवता पोचवता लग्नाचे व्हिडिओ काढायला शिकली. शूटिंग तिचं, लाईटचा दांडा सहदेवचा. तो दांडा समोर आला की नवरदेव हमखास डोळे मिचकावतो.

या कामाला मात्र दांडा चालणार नव्हता. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या केशरबाई यंदा महालक्ष्म्यांची आरती शेवटची आपल्या हाताने करणार होत्या. मग ताट कायमचं सुनेच्या, प्रणालीच्या हाती. त्याचंच शूटिंग शकुनला मिळालं होतं. त्यांच्याकडे पुरणाच्या दिव्यांची आरती लागली की घरातले सगळे बल्ब मालवतात. मागच्या साली एका फोटोवाल्याने फ्लॅश मारला, तर केशरबाईंनी त्याला तिथूनच दार दाखवलं. शकुनचा जुना कॅमेरा तसल्या उजेडात नुसता काळोख काढायचा. आणि हे ताट काही दुसऱ्यांदा हातातून हातात जाणार नव्हतं.

दुकानदार शेखरने सगळ्यात महागाचा कॅमेरा पुढे केला. "ताई, मेगापिक्सेलचा आकडा पाहा याचा. लोक आकडा पाहूनच नेतात."

"लोकायले दिवसाची वरात काढाची असते, शेखरभाऊ. मले दिव्यावर म्हातारी काढाची हाय. शटर पाडा अन् ट्यूब मालवा."

शेखर हसला, पण त्याने शटर पाडलं. शकुनने काउंटरवरच पुरणाचे दिवे थापले, वाती लावल्या आणि सहदेवच्या डोक्यावरून लुगडं पांघरलं.

"अव, मले काहून म्हातारी करून राहिली?"

"तुमचे हात आज रिकामे हायेत म्हणून. हालू नका."

महागाच्या कॅमेऱ्यात चित्र उजळ दिसलं, पण लुगड्यावर ज्वारी सांडल्यासारखे दाणेच दाणे. शेखरने एक बटण दाबलं. दाणे गेले, आणि सहदेवचं तोंड मेणाच्या बाहुल्यासारखं गुळगुळीत झालं.

"यायची मिशी कुठी गेली?" शकुनने विचारलं. "मिशीची ही गत, तं केशरबाईच्या सुरकुत्या कशा राहतीन?"

मग शेखरनेच आतून दुसरा आणला. "याचा आकडा लहान आहे, ताई, म्हणून कोणी विचारत नाही. पण यातले ठिपके कमी अन् एकेक मोठा. जास्त उजेड घेतो." त्यावर मोठ्या तोंडाची लेन्स चढवली. पडद्यावर मिशीचा केस न् केस उमटला. लुगडं काळंच राहिलं, तरी त्याचा काठ दिसत होता. ज्योतीचा पांढरा गोळा झाला नाही, पिवळी ती पिवळीच राहिली. सहदेवने मान वळवली तरी चेहरा पुसट झाला नाही.

"हाच बांधा," शकुन म्हणाली.

महालक्ष्म्यांच्या संध्याकाळी बल्ब मालवले, तसं घर मुखवट्यांच्या सोन्याएवढंच उजळ उरलं. केशरबाईंनी ताट ओवाळलं. मग त्या देवींकडे पाठ करून सुनेकडे वळल्या, आणि त्यांच्या तोंडावर फक्त ताटातून वर येणारा उजेड राहिला. शकुनने श्वास धरला आणि कॅमेऱ्यावरचं बोट हलू दिलं नाही. ताट देऊन केशरबाईंचे हात सुनेच्या हाताखालून निघाले, एक थेंब गालावरच्या सुरकुतीत शिरला आणि हनुवटीपर्यंत गेला. सगळं पडद्यावर होतं.

बल्ब लागल्यावर तिने कॅमेरा टीव्हीला जोडला. बाया पदर सावरत पुढे सरकल्या. केशरबाई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसल्या.

"हे मीच हावो का व?"

"तुमीच, माय."

"अन् प्रणाली पाय कशी पाहून राहिली माह्याकडे. मले तं दिसलीच नव्हती." त्यांनी सुनेचा हात धरला. "पुन्हा लाव, पोरी."

पुन्हा लावलं. मग शेजारच्या आल्या, त्यांच्यासाठी पुन्हा. पुरणपोळ्या गार होत होत्या. "अवो, पुढच्या साली आमच्याकडे या," असं चौघींनी तरी शकुनला तिथेच सांगून टाकलं.

शेवटी पानं मांडली. आजवर शकुन प्रत्येक कार्यात सगळे उठल्यावर, कॅमेरा बॅगेत भरून झाला की कोपऱ्यात जेवायची. आताही ती वायरी गुंडाळायला वाकली, तशी केशरबाईंनी तिला दंडाला धरून पहिल्या पाटावर नेऊन बसवलं.

"आधी हिले वाढा."