मधला तुकडा हेमलताकडे

जमवायचे म्हणून किस्से कोणी जमवत नाही. मेथी निवडताना लक्ष पानांकडे असतं आणि बाजूला देठांचा ढीग होतो, तसं आमच्या वर्गाचं झालंय. बसलो होतो इंग्रजी वाचायला, आणि हे सगळं बाजूला साठत गेलं.

आम्ही पाचजणी, दुपारी तीन ते चार, व्हिडिओ कॉलवर. शिकवते विरारची मनीषा, माझ्या मुलीच्या वयाची. तिची पद्धत अशी, की एका इंग्रजी गोष्टीचे तुकडे करायचे आणि प्रत्येकीच्या फोनवर एकच तुकडा पाठवायचा. आपला तुकडा आपण वाचायचा, घरच्या बोलीत बाकीच्यांना सांगायचा, मग सगळ्यांनी मिळून गोष्ट जोडायची. शब्द अडला तर डिक्शनरी उघडायची नाही, अंदाज करायचा. आणि कोणी अंदाज केला की इतरांनी विचारायचं, "कशावरून?"

*

मी आचोळ्याला राहते, शिक्षण दहावी. पहिल्या दिवशी माझा तुकडा मी घडाघडा वाचून दाखवला. कुठे अडखळले नाही. मनीषा खूश झाली आणि तिने विचारलं, मग काय झालं गोष्टीत?

मी म्हटलं, "अगं, तू वाचायला सांगितलं होतंस. समजायचंपण होतं का?"

*

वटारच्या ज्युडिथताईंची केळीची वाडी आहे. एकदा त्यांना 'ऑर्चर्ड' शब्द अडला. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, वाडी. आम्ही चौघींनी एका सुरात विचारलं, कशावरून? त्या म्हणाल्या, पुढच्या ओळीत शिडी आहे, टोपली आहे आणि कावळ्याला हाकलणारा म्हातारा आहे. आमच्याकडे तर हे रोजचंच!

मागे बसलेल्या त्यांच्या मिस्टरांनी हळूच डिक्शनरी बघून सांगितलं, बरोबर आहे, फळबाग.

ज्युडिथताई मागे न वळताच म्हणाल्या, "तुम्हाला कोणी विचारलं? आणि त्या डिक्शनरीवाल्याने शिडी बघितली होती का?"

*

हा "कशावरून" मग घरात शिरला. आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद होती. आमचे हे खालून आले आणि म्हणाले, उद्या लिफ्ट सुरू होतेय, दळण उद्याच आणतो. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, खाली इंग्रजीत नोटीस लागलीय.

मी खाली गेले. जिन्यापाशी उभी राहून दोनदा वाचली. उद्या लिफ्ट सुरू होणार असं त्यात कुठेच नव्हतं. उद्या माणूस फक्त बघायला येणार होता.

मग उद्यापर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, दळण त्याच दिवशी आलं. डबा खांद्यावर घेऊन चौथा मजला चढून हे दारात टेकले आणि म्हणाले, "तू शिकली नव्हतीस तोवर लिफ्ट उद्या सुरू होणार होती."

*

आता अर्नाळ्याची हेमलता. आठवी शिकलेली, आमच्यात सर्वांत कमी बोलणारी, पण तुकडा सर्वांत पक्का करून यायची. बोंबील वाळत घालताना ती आपला तुकडा मोठ्याने वाचायची आणि लगेच आपल्या बोलीत सांगायची. ऐकायला समोर फक्त सासू. घरात फोन एकच, आणि सासूला हा वर्ग मुळीच पसंत नव्हता.

त्या आठवड्यात गोष्ट एका पत्राची होती, छोटी, तीनच तुकड्यांची; दोघींनी नुसतं ऐकायचं होतं. सुरुवात माझ्याकडे, शेवट ज्युडिथताईंकडे आणि मधला तुकडा हेमलताकडे. शनिवारी तिने सांगितलं की सासूबाई म्हणतात, आता पुरे. सोमवारपासून दुपारी फोन कपाटात राहील. ती म्हणाली, "मी आता नाय येनार, मनीषामॅडम. तुमी माझा तुकडा दुसरीला द्या."

मनीषाने तो कोणालाच दिला नाही.

सोमवारी आम्ही चौघी बसलो. सुरुवात मी सांगितली, शेवट ज्युडिथताईंनी. मधे काय झालं असेल यावर खूप अंदाज झाले, पण प्रत्येक अंदाज "कशावरून"पाशी अडला.

चारला पाच मिनिटं असताना हेमलताची खिडकी उघडली. फोन इतका जवळ धरलेला, की आम्हाला दिसत होतं फक्त एक कपाळ, मोठं कुंकू आणि पांढरे केस. कपाळाच्या कडेने मागे लांब हेमलता दिसत होती, पदराने तोंड दाबून हसत.

कपाळ म्हणालं, "दोन दिस डोकं खाल्लंय ह्या गोष्टीनं. बकरीनं पत्र खाल्लं, इथवर आमच्याकडं हाय. ते पत्र कोनाचं होतं, नि मंग काय झालं? ते कोनाकडं हाय?"