म्हशीची एन्थाल्पी

बारावीचे बाकीचे धडे शिकवले की संपतात. उष्णता आणि ऊर्जेचा धडा मात्र संपता संपत नाही! दरवर्षी गणितं तीच, आकडेही जवळपास तेच, पण उत्तरं देणारी पोरं नवी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत भाजी घेत असले तरी एखादा जुना विद्यार्थी गाडी थांबवून विचारतो, "मॅडम, आमच्या बॅचचा किस्सा सांगता का न्हाय अजून?" सांगते की बाबा. सांगितल्याशिवाय माझा धडाच पुढं जात नाही.

पृथ्वीराज म्हणून एक होता. घरी आठ म्हशी, पहाटे तालमीत कुस्ती, मग माझा तास. उष्णता बाहेर पडली की एन्थाल्पीत, म्हणजे पदार्थातल्या ऊर्जेत, होणारा बदल मायनस लिहायचा, हे त्याला काही केल्या पटेना.

"भाईर पडली म्हंजे मिळाली की मॅडम! मायनस कसं?"

"कुणाला मिळाली? आजूबाजूला. सिस्टिमची, म्हणजे त्या पदार्थाची, तर गेलीच ना?"

तो एकदम उभाच राहिला. "कळ्ळं! म्हशीची धार काढली की घराला प्लस, म्हशीला मायनस!"

इतकं सोपं मला पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं. वर्गात सगळे सिस्टिमला म्हैसच म्हणायला लागले. चिन्ह कुणाचं चुकेना, मी खूश. सहामाहीचे पेपर तपासायला घेतले, तर तिसऱ्याच पेपरात स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: 'म्हणून म्हशीची एन्थाल्पी कमी झाली.'

पूर्ण मार्क दिले. काय करणार!

याच पृथ्वीराजनं एकदा तांब्याभर पाणी तापवायला सहासष्ट हजार किलोज्यूल लागतात असं उत्तर काढलं. ज्यूलचे किलोज्यूल करताना हजारानं भागायचं राहिलं होतं. मी वही हातात देत म्हटलं, "पृथ्वीराज, किलो काढ आधी!"

तो मान खाली घालून म्हणाला, "वस्तादबी सकाळी त्येच म्हणालं, मॅडम. न्हायतर वजनगटात बसत न्हाय."

अनिकेत जयसिंगपूरहून रेल्वेनं यायचा. ऐंशी अंशाचं शंभर ग्रॅम पाणी आणि वीस अंशाचं शंभर ग्रॅम पाणी एकत्र केलं, तर तापमान किती? अनिकेतचं उत्तर, शंभर अंश! सरळ बेरीज ठोकलेली.

"अरे, उकळत्या चहात गार पाणी ओतलं तर चहा आणखी तापतो का?"

"चहा न्हाय तापत मॅडम," अनिकेत गंभीरपणे म्हणाला. "आमचं पप्पा तापत्यात!"

सोनालीचं घर जोतिबाच्या डोंगरावर. वडिलांचं नारळ-गुलालाचं दुकान. एका वर्षी मी प्रत्येकाला आळीपाळीनं प्रयोगशाळेतला थर्मामीटर घरी दिला, पाणी किती अंशाला उकळतं ते बघून लिहायला सांगितलं. सोनालीच्या वहीत 'सत्त्याण्णव' खोडून वर 'शंभर' लिहिलेलं.

"खोडलंस का गं?"

"पुस्तकात शंभर हाय. मीच चुकलो असणार." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, आलो, गेलो, चुकलो!

"किती वेळा बघितलंस?"

"तीन वेळा. तिन्ही वेळा सत्त्याण्णवच." तिचे डोळे भरून आले होते.

मी खुर्चीत बसले. डोंगरावर हवेचा दाब कमी, तिथं पाणी शंभरच्या आधीच उकळणार. पोरगी शंभर टक्के बरोबर होती! मी स्वतः तिचं 'शंभर' खोडलं, 'सत्त्याण्णव' लिहिलं आणि खाली सही केली. ती हसली, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. कोल्हापूर तरी कुठं समुद्रकाठी आहे? इथंही शंभर यायचे नाहीत. म्हणजे शंभर लिहून 'व्हेरी गुड' मिळवलेल्या बाकी सगळ्यांनी थर्मामीटर पिशवीतनं बाहेरच काढला नव्हता!

आणि शिवलिंग. सीमेकडच्या गावचा, घरात कन्नड. पहिल्याच आठवड्यात तो उत्तर द्यायला उठला, त्याच्या मराठीला वर्ग हसला आणि पोरानं तोंडच मिटलं. मी रागावले, समजावलं, काही उपयोग नाही. वहीतलं एक गणित चुकायचं नाही, पण बोलणं बंद.

प्रॅक्टिकलची परीक्षा आली. बाहेरून आलेले परीक्षक धिप्पाड, आवाज चढा. तोंडी परीक्षेत त्यांनी तीन प्रश्न विचारले, शिवलिंग गप्प. मी शेजारच्या टेबलापाशी, मला बोलायची परवानगी नाही. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बोललाच नाही तर तोंडीचे मार्क देऊ कसे?"

मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी बीकरभर पाण्यात मूठभर नवसागर टाकला, ढवळला आणि बीकर शिवलिंगच्या हातात दिला.

"धर. काय होतंय?"

शिवलिंगनं बीकर दोन्ही हातांत धरला. "गार होतंय, सर."

"नवसागर विरघळायला उष्णता लागते. ती येतीय कुठनं?"

"पहिली पाण्यातनं घेतली, सर. आता माझ्या हातातनं घेतंय."

त्या हसण्यानंतरचं त्याचं पहिलं अख्खं वाक्य मी तिथं ऐकलं. परीक्षक लिहायला वाकले. पोराची बोटं गारठून पांढरी पडली होती, पण 'ठेव' म्हटलं नव्हतं म्हणून तो बीकर तसाच धरून उभा. त्यांनी वर बघितलं आणि ओरडलेच, "अरे ठेव की खाली! सगळी उष्णता जाईल तुझी!"

शिवलिंग म्हणाला, "जाऊ दे की सर. माझ्याकडं हाय अजून."