जाणवला का?

उंच आकाशात विजेने भारलेल्या हवेचा एक थर असतो. भूकंपाआधी म्हणे त्यात खळबळ माजते, आणि उपग्रहांना ती टिपता येईल का, हे शास्त्रज्ञ शोधताहेत. सकाळी पेपरात हेच वाचत होतो, तेवढ्यात टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं. आमच्या कोयनेकाठी धक्का बसला की सगळे अंगणात येतात आणि एकमेकांना विचारतात, "जाणवला का?" मीही टॉवेलवरच धावलो आणि ओरडलो, "जाणवला का?"

अंगणात मी एकटाच. शेजारच्या वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "अहो भाऊजी, रस्त्यावर रोलर फिरतोय! आधी शर्ट घाला बघू!"

आत आलो. हसू आलं, मग ओसरलं. बायको गेल्यापासून मला कुणी काही विचारतं, ते धक्का बसल्यावरच. उपग्रहाने सगळं आधीच सांगून टाकलं, तर अंगणात कोण कुणाला काय विचारणार? तोही बिचारा तिकडे वर एकटाच, जमिनीच्या पोटातला कानोसा घेत फिरतोय.

रोलर गेला. पाणी निवांत झालं. कुणाची भिंत पडू नये, देवा. पण फडताळातलं भांडं वाजेल, इतका एखादा धक्का चालेल.

शर्ट घालूनच बसलोय मी.