लाल फुली

धायरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका आयुष्यभर कारखान्यात माल तपासायचे. सदोष नगावर लाल रंगाची फुली मारायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही घरात आलेली नवी वस्तू ते तशीच तपासतात. वही मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि तोंडात एकच शब्द, "बघू."

विजेची नवी किटली त्यांनी महिनाभर बघितली. पाणी उकळलं की हँडल सैल व्हायचं. एकदा ते निसटलं आणि काकूंचा हात भाजला. काकांनी तेवढंच, एकही विशेषण न लावता, लिहून लेख छापणाऱ्या एका साइटला पाठवलं. लेख परत आला. का, तर म्हणे आमच्याकडे नकारात्मक लेखन चालत नाही! हात भाजला हे सांगायचं नाही, मग काय टाळ्या वाजवायच्या?

तरी मी आपलं म्हटलं, "काका, जरा सौम्य लिहून बघा ना."

"लिहितो की. काकूंचा हात भाजला, पण किटलीचा रंग छान आहे. चालेल तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकाजवळ, कठड्यावर ती किटली होती. पोटावर ठसठशीत लाल फुली, खाली परत आलेला लेख. हिंजवडीच्या बससाठी थांबलेले आम्ही सगळे तो वाचत होतो.

त्या साइटवर त्याच किटलीची तोंडभर स्तुती करणारा एक लेख अजूनही आहे. तो मी लिहिलाय. कंपनीकडून फुकट आलेल्या किटलीचा खोकासुद्धा न उघडता.