न टोचलेलं वांगं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — घरात नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही पूर्वाला ओळखत नाही.

पूर्वा माझी भाची, भडगावच्या भावाची मुलगी. आता धुळ्यात असते आणि सुट्टीत लहान मुलांना स्वयंपाक शिकवते. सुरी कशी धरायची, तापल्या तव्यापासून किती लांब राहायचं, ओढणी कुठे खोचायची — इतक्या मायेनं सांगते, की बघत राहावं. माझी फार लाडकी आहे हो ती. मग तिच्याशीच मी असं का वागले?

ती लहान असताना, थंडीत, भावाच्या मळ्यात भरिताचा बेत होता. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, टोपलीभर मोठाली हिरवी वांगी. वांगं आधी टोचावं लागतं, नाहीतर वाफेनं फुटतं — हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पूर्वा मधेमधे लुडबुडत होती. मीच म्हटलं, तू तेल चोळ, मी टोचते. आणि मग — मग मी शेजारणीशी गप्पा झोडत बसले. हाताला येतील तशी वांगी जाळात टाकत राहिले.

एक फुटलं. कढत गर पूर्वाच्या मनगटावर उडाला.

वहिनी धावली. पाणी ओतता ओतता ओरडली, "वांगं कोनी टोचं नही का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्वयंपाकात माझा हात धरणारं कुणी नाही, असा माझा तोरा! मी म्हणाले, "हिलाच सांगितलं होतं."

पोर रडायची थांबली. माझ्याकडे बघत आठवू लागली. आता बोलेल, असं मला वाटलं. पण तिनं चूक आपल्याच अंगावर घेतली, "मनीच चूक शे, आई." आत्या खोटं बोलेल, हे तिच्या मनातही आलं नसेल का?

परवा तिच्या वर्गाला गेले. मनगटावरचा डाग तिनं मुलांना दाखवला. "आत्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." मग मला पुढे बोलावलं — हीच ती आत्या, हिच्याकडूनच शिकले मी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका चिमुरडीनं वांगं माझ्यापुढे धरलं, "आजी, नीट टोचलं का?" मी शाबास म्हटलं. पूर्वा हसली. मीही हसले.

टोचायचं काम माझं होतं. पूर्वानं तेल छान चोळलं होतं, एकूणएक वांग्याला.