अकरावा नमुना

मंगळवार, दिनांक १४ मे २०२४. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. काढलेले स्क्रू सात. ते मी औषधाच्या डबीच्या झाकणात ठेवले आहेत, कारण टेबलावर मोकळा ठेवलेला स्क्रू घरंगळतो. हे तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी शिकवतात आणि बावन्न वर्षांत मी ते विसरलेलो नाही. संगणकाची डावी बाजू उघडी आहे. आत जे दिसते त्याला नुसती धूळ म्हणणे अपुरे ठरेल. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची एक जाळी असते. तिच्या सगळ्या फटी राखाडी थराने बुजल्या आहेत. म्हणूनच हे यंत्र सुरू केल्यावर चार मिनिटांनी तापते आणि बंद पडते. काल तीन वेळा घड्याळ लावून पाहिले.

संगणक कोल्हापूरजवळच्या एका ओतशाळेतला आहे. तेथे मी एकोणीस वर्षे देखभाल विभाग सांभाळला. ओतशाळा बंद झाली तेव्हा भंगारात निघालेले हे यंत्र मी घरी आणले. त्यात एक फाईल आहे. काल सकाळी हौसाबाई खोत दारात आल्या त्या तिच्यासाठीच, फक्त तिचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचा नवरा आनंदा आमच्याकडे फेटलिंगला होता, म्हणजे साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांना चिकटलेली वाळू ग्राइंडरने घासून काढण्याच्या कामावर. मार्च महिन्यात तो दम लागून गेला. कागदावर क्षयरोग लिहिला आहे.

“डाक्टरीनबाई म्हनत्यात, धुळीचा आकडा आना,” हौसाबाई म्हणाल्या. “आकडा आसला तर त्या लिवून देतील, धुळीनं गेला म्हनून. थोरला सुदाम दुसऱ्या कारखान्यात त्योच ग्राइंडर धरतोय. माझं ऐकत न्हाई. बाप टीबीनं गेला, धुळीचं काय सांगतीस, म्हनतोय. सायेब, आकडा तुमच्याकडंच आसंल.”

“शोधतो,” मी म्हणालो. “उद्या पाच वाजता या.”

शोधण्यासारखे काही नव्हते. दर सहा महिन्यांनी हवेतील धुळीचा नमुना घेणे हे माझे काम होते. पाच वर्षांत मी दहा नमुने घेतले. दहाही साप्ताहिक सुटीच्या दिवशी, ग्राइंडर बंद असताना, जमिनीवर पाणी मारून. दहाही मर्यादेत आले. अकरावा मी कोणी सांगितले नसताना कामाच्या दिवशी घेतला. तो नोंदवहीत गेला नाही. तो येथे आहे. पाच वाजता हौसाबाईंना सांगायचे की यंत्र चालत नाही, असे मी ठरवले आहे. ते खोटेही नाही. यंत्र उघडले आहे ते केवळ, उघडून पाहिले असे म्हणता यावे म्हणून.

ब्रश हातात आहे. उन्हाने पडदा पिवळा झाला आहे. मी खुर्चीत मागे टेकतो. डोळे मिटतात, ब्रश सुटत नाही.

“आसा न्हाई, सायेब. वरनं खाली वढा.”

आनंदा शेजारच्या स्टुलावर बसला आहे. त्याच्या भुवया पांढऱ्या आहेत, पण वयाने नव्हे. त्याला दम लागत नाही, याचे मला आधी बरे वाटते. मग लक्षात येते की तो श्वासच घेत नाही. बोलण्यापुरती हवा आत ओढतो आणि ती संपली की गप्प होतो.

“कधी आलास?”

“मी कुठं आलोय? तुमीच आलायसा. बगा की.”

मी पाहतो. टेबल फेटलिंगच्या शेडमध्ये आहे. भिंतीत उंचावर जो पंखा आहे तो प्रोसेसरचाच पंखा आहे, माणसाच्या उंचीचा झालेला, आणि त्याच्या पात्यांवरून धुळीच्या दोऱ्या लोंबत आहेत. तो फिरत नाही. फिरताना मी त्याला कधी पाहिले होते, हे आठवत नाही.

“बोटानं धरा त्याला,” आनंदा म्हणतो. “नुसतं फुकलासा तर उलटा फिरतोय, आन आतलं काय तरी जळतंय.”

“हे तुला कोणी सांगितले?”

“तुमीच की. हापिसात कंप्युटर साफ करत हुतासा. मी दारात उभा, रजेचा अर्ज घिऊन. म्हनलासा, तितंच थांब आनंदा, कपड्याची धूळ आत आनू नको.”

मी बोट घालून पंखा धरतो. पाते गार आहे. संगणकावर आता निळी खोळ आहे, आणि ती मीच अर्धी वर केलेली आहे.

“खोळ वळखली?” तो विचारतो. “हौसानं शिवल्याली.”

मी ओळखतो. मापे मी स्वतः मिलिमीटरमध्ये लिहून दिली होती. उंची, रुंदी, खोली, मागच्या बाजूस तारांसाठी फट.

“शिवताना तिनं मला इचारलं, आवो, त्या कंप्युटरला दमा हाय व्हय? मी म्हनलं, न्हाई गं. हू ने म्हनून.” तो हसतो. आवाज येत नाही, खांदे तेवढे हलतात.

“मास्क मागवले होते मी,” मी म्हणतो. “मागणीपत्र आहे. तारखेसह.”

“आसंल की. तुमचा कागद पक्का.”

मी ब्रश वरून खाली ओढतो. फटींतून उजेड येऊ लागतो, आणि ती ॲल्युमिनियमची पाती नाहीत. दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत दिव्यावर लावलेल्या एक्स-रेमधल्या बरगड्या आहेत. त्यांच्यामध्ये पांढरे ठिपके आहेत. मी एका दिशेने पंधरा वेळा ब्रश ओढतो. सोळाव्या वेळी केस तुटतात.

“निघत नाही, आनंदा.”

“न्हाईच निघत त्ये. मला इचारा. खोकून खोकून बगितलंय.”

खोलीला खिडकी नाही, तरी बाहेर कोणी ग्राइंडर लावला आहे. आनंदा त्या आवाजाकडे कान देऊन बसतो. गाणे ऐकावे तसा.

“त्यो अकरावा नमुना का घेतलासा?” तो विचारतो.

“त्या आठवड्यात तू जिन्यावर दोनदा बसलास. सोमवारी नवव्या पायरीवर. गुरुवारी सहाव्या.”

“बगितलं हुतं व्हय तुमी?”

“पाहिले होते.”

“मग आकडा किती आला?”

“फाईल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. आठवणीतून आकडा सांगू नये.”

“वा रं शिस्त!” तो मांडीवर हात मारतो, मांडीतून धूळ उडते. “माझ्या पायऱ्या तोंडपाठ, आन आकडा तेवढा फाईलीत.”

“विभाग बंद झाला असता. चाळीस माणसे होती.”

“बेचाळीस. नावं घ्या बघू.”

मी नावे घेऊ लागतो. ज्याचे नाव घ्यावे तो भिंतीपासून उठतो, टॉवेल झटकतो आणि बाहेर जातो. शेड रिकामी होते. बेचाळिसावे नाव मला सुचत नाही, आणि ते उच्चारण्याआधीच तो माणूस समोर येतो. सुदाम. तो आमच्याकडे एक दिवसही कामाला नव्हता. तो माझ्याकडे पाहत नाही. ग्राइंडर माझ्या टेबलाला लावतो, आणि लाकडातून वाळू उडू लागते.

“त्याला थांबव,” मी म्हणतो. “तू बाप आहेस.”

“मी कसा थांबवू? माझ्या कागदावर टीबी लिवलाय. मेल्याल्या मानसाला कागदाभाईर बोलता येत न्हाई, सायेब. जित्त्यानं बोलायचं आसतंय.”

वाळू गुडघ्यापर्यंत आली आहे. मला खोकला येतो. आनंदा टेबलावरचे माझे पुसायचे फडके उचलतो, त्याची तिकोनी घडी घालतो आणि माझ्या नाकातोंडावर धरतो. मागे जाऊन गाठ मारतो. त्याची बोटे मानेला लागतात. ती खरबरीत आहेत आणि त्यांना ऊब नाही.

“एवढे घट्ट नको.”

“घट्टच लागतंय. आमी सैल बांधायचो, बोलायला यावं म्हनून. गप्पा मारत मारत गेलो सगळी.” तो गाठ पुन्हा एकदा ओढतो. “आता तुमी बोलू नका. लिवा.”

तीन वाजून पंचवीस मिनिटे. पडदा तसाच पिवळा आहे. स्टुलावर जुनी वर्तमानपत्रे आहेत, जी नेहमी असतात. मला श्वास कमी पडतो आहे, कारण फडके माझ्या नाकातोंडावर बांधलेले आहे. गाठ मानेच्या मागे, डाव्या बाजूला. दुहेरी. तीन वर्षांपासून माझे दोन्ही खांदे धरलेले आहेत. हात कानाच्या वर जात नाहीत, मानेमागे तर नाहीतच. घरात दुसरे कोणी नाही. दाराची कडी आतून लावलेली आहे. गाठ मला सोडवता येत नाही. शेवटी फडके ओढून हनुवटीखाली घेतो आणि ते गळ्यात तसेच ठेवून कामाला लागतो.

उरलेली जाळी मी साफ करतो. पंख्याची पाती एकेक पुसतो. चार वाजून वीस मिनिटांनी यंत्र सुरू करतो. चार मिनिटे होतात. पाच होतात. मी खुर्चीवरून उठत नाही. बाराव्या मिनिटाला फाईल उघडते, आणि आकडा तेथे आहे. मी तो दोनदा वाचतो. इतका असेल असे मला वाटत नव्हते, असे लिहिले तर तेही खोटे होईल.

कोऱ्या कागदावर मी तारीख घालतो. दहा नमुने कोणत्या वारी घेतले, पाणी कोणी मारायला लावले, ग्राइंडर कोणी बंद ठेवायला सांगितले, हे क्रमाने लिहितो, आणि शेवटी अकराव्याचा आकडा. कोणी मारायला लावले, कोणी सांगितले, प्रत्येक ठिकाणी एकच नाव येते, माझे. खाली सही करतो.

पाच वाजायला तीन मिनिटे असताना कडी वाजते. मी दार उघडतो. हौसाबाई माझ्या गळ्याकडे पाहतात, मग वाकून मानेमागच्या गाठीकडे, आणि पदर तोंडाला लावतात.

“ही कुणी बांधली, सायेब? ह्ये आशीच मारायचे गाठ.”

मी कागद त्यांच्या हातात देतो.

“सुदामला बसवून वाचायला लावा,” मी म्हणतो. “डॉक्टरीणबाईंना हवे असेल तर मी स्वतः येईन. कोठेही येईन.”

“मला वाचता येत न्हाई,” त्या म्हणतात. “काय लिवलंय?”

मी दारातच वाचतो. सुटीच्या दिवशीचे नमुने दहा, सर्व मर्यादेत. कामाच्या दिवशीचा नमुना एक. मर्यादेच्या सात पूर्णांक दोन दशांश पट.