नाल्यापलीकडचा निळा ठिपका

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. माझं कामच असं आहे — स्क्रीनवर चुकीचं काही दिसलं तर त्याला कारण असतं, ते शोधायचं. या एका ठिकाणी मात्र सापडलं नाही.

मी बीडला राहते. पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी नकाशे बनवते. रस्ते, नाले, गावं ही माहिती इंटरनेटवर कुणालाही फुकट वापरता येते. ती घ्यायची आणि त्यावर आपल्या विहिरींची लेयर, म्हणजे वेगळा थर, चढवायची; प्रत्येक विहीर एक निळा ठिपका. गेल्या उन्हाळ्यात शिरूर कासारकडच्या एका गावाचा नकाशा चालू होता. विहिरींची ठिकाणं गावातल्याच सरूबाई मोबाईलवर टिपून आणायच्या. पूर्वी त्या ऊसतोडीला जायच्या.

नकाशा उघडला तर एक निळा ठिपका जास्तीचा. नाल्यापलीकडे. ना सरूबाईंच्या माहितीत, ना मूळ डेटात. वाटलं, अक्षांश-रेखांशाचा घोळ असेल — पण मग सगळेच ठिपके सरकले असते! कॅशे साफ केला, कधीकधी जुनंच चित्र अडकून बसतं. विहिरींची लेयर बंद केली. बाकीचे ठिपके गेले... हा तसाच. दुसऱ्या लॅपटॉपवर नव्याने नकाशा केला, तिथेही हजर. क्लिक केलं की माहितीची चौकट रिकामी.

शेवटी सरूबाईंनाच बोलावून दाखवलं.

"तिथं विहीर न्हाई ताई. ते कमलच्या सासरचं पडीक रान हाय."

कमल त्यांची धाकटी बहीण, त्याच गावात दिलेली. काही वर्षांपूर्वी ऊसतोडीहून टोळी परतली तेव्हा ती सोबत नव्हती. सासरचे म्हणाले, कारखान्यावरून कुणाबरोबर तरी पळून गेली.

"लेकरू टाकून जाईल व्हय ती?" सरूबाईंनी स्क्रीनवरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मोबाईलवर तो ठिपका धरून गेलो. लख्ख ऊन होतं. जागेवर वेड्या बाभळीच्या फांद्यांचा ढीग. सरूबाईंनी हात रक्ताळेपर्यंत त्या ओढून काढल्या. खाली जुन्या विहिरीचं तोंड, दगडमातीने काठोकाठ बुजवलेलं.

"हितं विहीर हुती? आमाला पत्ताच न्हाई," त्या पुटपुटल्या आणि हातानेच वरचे दगड उपसायला लागल्या.

पोलीस आधी ऐकेचनात. सरूबाई ठाण्याच्या दारातून हलल्या नाहीत, तेव्हा कुठे जेसीबी आला. खाली कमल होती. साडीच्या चिंध्या आणि पायातली जोडवी. जोडवी सरूबाईंनीच ओळखली, लग्नात त्यांनीच केली होती. टोळीच्या आधी तिला गावी आणून मारल्याचं कमलच्या नवऱ्याने कबूल केलं; तो आता तुरुंगात आहे.

"तुम्हाला जागा कशी कळली?" ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, नकाशात चूक दिसत होती. दुसरं काय सांगणार?

घरी येऊन फाइल उघडली तर ठिपका नव्हता. जाणकार मित्रांना फाइल पाठवली, त्यांनाही काही सापडलं नाही. एक जण म्हणाला, तुला भास झाला असेल. पण मग सरूबाईंनाही झाला का?

परवा त्यांच्याकडे गेले होते. कमलचं लेकरू आता त्यांच्याकडेच असतं. चहा देता देता हळूच म्हणाल्या, "रोज शेळ्या घिऊन त्याच बांधावरनं जात हुते मी. तुमाला दिसली ती... मला कावून न्हाई दिसली, ताई?"